कठडा मोजा, मग माणसे घ्या : सामायिक मासेमारी बोटींच्या मालकांना खुले पत्र

प्रति,
सामायिक मासेमारी फेऱ्या चालवणारे सर्व बोटमालक व तांडेल (बोटीचे प्रमुख चालक),
तसेच या बोटींना प्रवासी वाहतुकीचा परवाना देणारे अधिकारी यांस

सप्रेम नमस्कार.

या हंगामापासून प्रत्येक फेरीत सुरक्षा प्रमाणपत्रावर लिहिलेल्या कमाल संख्येइतके प्रवासी घेण्याचा निर्णय आपण सर्वांनी मिळून घेतला आहे, हे आम्हाला जागांची नोंदणी करताना कळले. ज्या बोटीवर आतापर्यंत अठरा जण गळ टाकत असत, त्याच बोटीवर आता तीस जण असतात. निर्णय घेण्यापूर्वी गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला, येणाऱ्यांपैकी कोणालाही विचारले गेले नाही आणि घेतल्यानंतर त्याचे कारणही सांगितले गेले नाही. नव्या पद्धतीने निघालेल्या एका फेरीचा पूर्ण दिवस मी स्वतः बोटीवर काढला आहे, तेव्हा हे पत्र ऐकीव गोष्टींवर लिहिलेले नाही. परत आल्यावर मी तोंडी तक्रार केली, तेव्हा ‘पुढच्या वेळी बघू’ एवढेच उत्तर मिळाले. पुढची वेळ येण्याआधीच या विषयावर सर्वांसमक्ष बोलणे व्हावे, म्हणून हे पत्र खुले ठेवले आहे.

माझा या विषयाशी संबंध काय, ते आधी सांगते. गेली अकरा वर्षे मी सामायिक बोटींवर येते आहे. माझ्या मालकीची बोट नाही आणि कधी होईल अशी शक्यताही नाही. किनाऱ्यावरून किंवा धक्क्यावरून गळ टाकता येतो. परंतु किनाऱ्यापासून दोन तासांच्या अंतरावर, साठ मीटर पाण्याखाली असलेल्या खडकांवरचा मासा ज्याला एकदा तरी धरायचा आहे, त्याला सामायिक बोटीशिवाय मार्ग नाही. इंधनाचा खर्च, तांडेलाचे अनुभवाने आलेले ज्ञान, पाण्याखालचे मासे दाखवणारे फिशफाइंडर यंत्र, बर्फ, खलाशांचे हात हे सारे अनेकांत वाटले जाते, म्हणूनच माझ्यासारखीला ते परवडते. पहिल्या फेरीत मला गळाची गाठसुद्धा धड मारता येत नव्हती. माझ्या उजव्या हाताला उभ्या असलेल्या एका वयस्क अनोळखी गृहस्थांनी न बोलता माझी गाठ सोडली, पुन्हा बांधली, आणि आवळण्यापूर्वी ती ओठांशी नेऊन ओली केली. नायलॉनचा दोरा कोरडा आवळला तर घर्षणाने तापतो आणि नेमका गाठीतच कमजोर होतो, हे त्यांनी मला मागाहून सांगितले. दोऱ्याला वजन म्हणून बांधलेले शिसे तळाला टेकल्याचे हाताला कसे कळते, टेकल्यावर ते लगेच एक हात वर का उचलायचे, हेही त्याच दिवशी शिकले. दोन माणसांना शेजारी उभे राहून एकमेकांच्या हाताकडे पाहता येईल एवढी जागा तेव्हा कठड्यापाशी होती, म्हणून हे शिकणे झाले. माझी बारा वर्षांची मुलगी या वर्षी प्रथमच माझ्याबरोबर आली आणि तिच्या वाट्याला काय आले, ते पुढे लिहिते आहे.

माझी पहिली आणि मूळ तक्रार जागेची आहे. प्रमाणपत्रावरची संख्या बोट किती माणसांना बुडण्याच्या धोक्याविना वाहून नेईल हे सांगते. ती वजनावरून, बोटीच्या समतोलावरून, लाइफ जॅकेटांच्या आणि तराफ्यांच्या संख्येवरून ठरते. किती माणसे एकाच वेळी गळ टाकू शकतील, याचा त्या संख्येशी काहीही संबंध नाही. आमच्या बोटीचा कठडा मी पावलांनी मोजला. केबिनने अडलेला भाग आणि नाळेकडचा, म्हणजे पुढच्या टोकाचा, निमुळता भाग सोडला, तर दोन्ही बाजू आणि पिछाडी मिळून सुमारे बावीस मीटर कठडा गळ टाकण्यास उपयोगी आहे. अठरा जणांत प्रत्येकाला सव्वा मीटरच्या आसपास जागा मिळते. तीस जणांत ती पाऊण मीटरही उरत नाही. कोपर बाहेर काढून रीळ फिरवणाऱ्या माणसाला एवढ्या जागेत धड उभेही राहता येत नाही.

हा हिशेबही कागदावरचाच आहे. नांगर न टाकता बोट वाऱ्याबरोबर वाहती ठेवली, की ज्या बाजूवर वारा येतो त्याच बाजूचे दोरे बोटीपासून दूर, मोकळे राहतात. दुसऱ्या बाजूला टाकलेले दोरे बोटीच्या पोटाखाली जातात आणि पलीकडच्यांच्या दोऱ्यांत अडकतात. म्हणजे वाहत्या बोटीवर जवळजवळ अर्धा कठडा निकामी असतो. नांगर टाकला असेल तर बोट पाण्याच्या ओढीला तोंड करून उभी राहते, दोरे मागे वाहतात आणि पिछाडीचे दोन कोपरे सर्वांत चांगले ठरतात. आपल्याला हे शिकवण्याचा अधिकार मला नाही. आपण ते माझ्यापेक्षा कितीतरी आधीपासून जाणता, म्हणून तर या निर्णयाचे अधिक दुःख वाटते.

त्या दिवशी बोट वाहती होती. वाऱ्याकडच्या कठड्यावर वीस-बावीस जण खांद्याला खांदा लावून उभे होते आणि उरलेले त्यांच्या मागून, डोक्यांवरून दांड्या पुढे काढत होते. कोणाच्या दोऱ्याला हलके शिसे होते, कोणाच्या जड. पाण्याला ओढ असताना हलके शिसे दूर वाहत जाते आणि जड शिसे सरळ खाली उतरते, त्यामुळे शेजारच्याच दोन दोऱ्यांचे कोन वेगळे होऊन ते खाली कुठेतरी एकमेकांना ओलांडतात. सर्वांनी एकाच वजनाचे शिसे लावावे, ही साधी सूचना पूर्वी धक्का सोडण्याआधी दिली जात असे. तीस जणांच्या गोंधळात ती देणे राहून गेले. सकाळी नऊच्या सुमारास माझ्या मुलीच्या दांडीला पहिला हिसका बसला. दांडी पाण्याकडे वाकली, रीळ करकरत दोरा सोडू लागले आणि तिने मी सांगितल्याप्रमाणे दांडीचे टोक वर धरून ठेवले. चार-पाच मिनिटे ती एकटी झुंजत होती. मग तो मासा आडवा पळाला आणि त्याने शेजारचे सहा दोरे गोळा केले. खलाशी धावत आला. गुंता सोडवायला त्याला वेळ नव्हता, कारण बोटीच्या दुसऱ्या टोकाला त्याच वेळी दुसरा गुंता झाला होता. त्याने सुरीने दोरे कापायला घेतले आणि तिसऱ्या कापात मुलीचा दोरा गेला. तिची दांडी एकदम सरळ झाली. तोंडात गळ आणि मागे लोंबणारा काही मीटर दोरा घेऊन तो मासा खाली गेला. त्या खलाशाला मी दोष देत नाही. तीस माणसांना दोन खलाशी, हे गणितच त्याच्या हाताबाहेरचे होते.

दुसरी तक्रार परत सोडलेल्या माशांची आहे. मला ती सर्वांत गंभीर वाटते, आणि बोटीवर तिच्याविषयी सर्वांत कमी बोलले जाते.

ठरावीक लांबीपेक्षा लहान मासा परत सोडायचा, हा नियम आपण पाळता. त्या दिवशीही पट्टी होती आणि मोजमाप प्रामाणिकपणे होत होते. परंतु साठ मीटरवरून वर ओढलेला मासा नुसता कठड्यावरून टाकून दिल्याने तो जगतो असे नाही. पाण्यात दर दहा मीटरला दाब पृष्ठभागावरच्या हवेच्या दाबाइतका वाढतो. साठ मीटरवर तो पृष्ठभागाच्या सातपट असतो. रॉबर्ट बॉइल यांनी १६६२ मध्ये मांडलेला नियम आपण सर्वांनी शाळेत शिकला आहे : दाब कमी झाला की वायूचे आकारमान त्याच प्रमाणात वाढते. खडकांवरच्या अनेक जातींच्या माशांचे वाताशय, म्हणजे पोटातली हवेची पिशवी, बंद असते, त्यातला वायू त्यांना पटकन बाहेर टाकता येत नाही. दोन मिनिटांत वर आलेल्या अशा माशाच्या पोटातला वायू फुगतो, डोळे खोबणीतून बाहेर येतात आणि जठर उलटे होऊन तोंडातून बाहेर पडते. ते बाहेर आलेले जठर म्हणजेच वाताशय असे समजून काही जण सुई खुपसतात, आणि जगू शकला असता असा मासाही त्यामुळे मरतो.

दुपारी बाराच्या आसपास मी कठड्यावरून खाली पाहिले. वीतभर लांबीचा एक तांबडा मासा पाठीवर तरंगत होता. त्याचे कल्ले हळूहळू उघडमीट करत होते. तो दोनदा शेपटी मारून खाली जायचा प्रयत्न करत होता आणि दोन्ही वेळा पोटातल्या हवेने त्याला परत वर आणले. मग एक समुद्रपक्षी उतरला आणि त्याने आधी डोळा टिपला. बोटीच्या मागे असे किती मासे तरंगत होते, ते मी मोजायला घेतले आणि थांबवले. माझी मुलगी शेजारी उभी होती. तिने विचारले, सोडून दिलेला मासा मरतोच, तर आपण तो मोजला कशासाठी? मला उत्तर देता आले नाही. हा प्रश्न मी आपल्यापुढे ठेवते आहे.

उपाय अवघड नाही आणि नवाही नाही. माशाला वजनाच्या आधाराने पुन्हा खोल पाण्यात नेले, की वाढत्या दाबाने तो वायू पुन्हा आक्रसतो आणि बहुतेक वेळा मासा आपल्या बळाने पोहून जातो. यासाठी ओठाला धरणारा आणि ठरावीक खोलीवर आपोआप सुटणारा चिमटा मिळतो. उलटा, बिनकाट्याचा गळ जड शिशाला बांधूनही काम होते. तळ उघडा असलेली आणि कडेला वजने लावलेली टोपलीसुद्धा चालते. अमेरिकेने मेक्सिकोच्या आखातातील आपल्या संघीय हद्दीत खडकाळ तळाचे मासे धरणाऱ्या बोटींवर असे साधन किंवा वायू काढण्याची योग्य सुई हाताशी तयार ठेवणे २०२२ मध्ये बंधनकारक केले. तिथे खासगी बोटींबरोबर भाड्याच्या बोटीही या नियमात होत्या. साधन स्वस्त आहे. महाग आहे तो वेळ आणि मोकळा हात. एक मासा नीट खाली सोडायला मिनिट-दोन मिनिटे लागतात, आणि गुंते सोडवत धावणाऱ्या दोन खलाशांपाशी ती मिनिटे नसतात. म्हणून ही तक्रार पहिल्या तक्रारीपासून वेगळी काढता येत नाही.

मोठ्या माशांबाबतही एक विनंती याच ओघात करते. दिवसाच्या शेवटी सर्वांत मोठ्या माशाला बक्षीस देण्याची पद्धत अनेक बोटींवर आहे. तिने चुरस येते, हे मी नाकारत नाही. परंतु रेड स्नॅपर या खडकांवरच्या तांबड्या माशाच्या बाबतीत ६१ सेंटीमीटरची एक मादी ४२ सेंटीमीटरच्या २१२ माद्यांइतकी अंडी देते, असे मोजले गेले आहे. सर्वांत मोठी मादी मारण्याला बक्षीस लावणे म्हणजे ज्या खडकावर आपली उपजीविका अवलंबून आहे, त्याचेच बियाणे उपसणे होय. बक्षीस ठेवायचेच असेल, तर ते लांबी मोजून, छायाचित्र घेऊन, जिवंत सोडलेल्या माशाला द्यावे.

तिसरी तक्रार माणसांच्या सुरक्षेची आहे. माझ्या डोळ्यांदेखत एका तरुणाच्या तळहातात शेजाऱ्याचा गळ काट्यासकट रुतला. किनारा दोन तास दूर होता. बोटीवरच्या प्रथमोपचार पेटीत गळ कापण्याची पक्कड नव्हती. ती हत्यारांच्या डब्यात सापडली, तीही गंजलेली. वर ओढताना सुटलेले शिसे कानाजवळून गेल्याचे दोघांनी सांगितले. गर्दीच्या कठड्यावर शिसे कोणाच्या डोळ्याला लागेल, हा केवळ वेळेचा प्रश्न आहे. तुटलेल्या दोऱ्यांचे तुकडे पायांत आणि पाण्यात पडत होते, आणि कोणतेही प्लॅस्टिक समुद्रात टाकण्यास जहाजांमुळे होणारे समुद्राचे प्रदूषण रोखणाऱ्या मार्पोल या आंतरराष्ट्रीय कराराच्या पाचव्या परिशिष्टाने १९८८ पासूनच मनाई आहे. बोटीवर तुटका दोरा टाकायला एकही डबा नव्हता.

बोट लागलेल्यांची अवस्था तर पाहवत नव्हती. बोट लागली की माणसाला बोटीच्या मध्यभागी, खालच्या बाजूला, क्षितिज दिसेल अशा जागी बसवावे, कारण तिथे हेलकावा सर्वांत कमी असतो. हे प्रत्येक तांडेल जाणतो. मध्यभागाचे बाक त्या दिवशी सामानाच्या पिशव्यांनी भरले होते. एक मध्यमवयीन गृहस्थ पाच तास पिछाडीला इंजिनच्या धुरात उकिडवे बसून होते, कारण दुसरीकडे जागाच नव्हती. औषध बोट सुटण्याच्या आधी घेतले तरच उपयोगी पडते, एवढी एक सूचना जरी नोंदणीच्या वेळी दिली असती, तरी त्यांचा दिवस कदाचित वाचला असता.

बर्फाविषयी थोडक्यात लिहिते. बर्फाच्या पेट्या अठरा जणांच्या हिशेबाच्याच होत्या. दुपारनंतर धरलेले मासे पोत्यांत, उन्हात पडून होते. बांगडा, ट्यूना यांच्या कुळातल्या माशांत उष्णतेने हिस्टामाइन हे विषबाधा करणारे द्रव्य तयार होते आणि एकदा तयार झालेले हिस्टामाइन शिजवूनही नष्ट होत नाही. म्हणजे हा केवळ चवीचा प्रश्न राहत नाही.

आपली बाजू मला समजत नाही असे नाही. इंधन महाग होते आहे, हवामानामुळे फेऱ्या रद्द होतात, हंगाम छोटा आहे आणि बोटीची डागडुजी वर्षभर चालते. रिकामी जागा म्हणजे आपले नुकसान, हे मान्य आहे. पण हे नुकसान भरून काढण्याचे दोन मार्ग आहेत, आणि आपण त्यातला असा मार्ग निवडला आहे, ज्यात भार आमच्या कोपरांवर, खलाशांच्या पाठीवर आणि खडकावरच्या माशांवर पडतो. दुसरा मार्ग तिकीट वाढवण्याचा आहे. मी आणि माझ्याबरोबर नियमित येणारे जे लोक आहेत, त्यांपैकी ज्यांच्याशी मी बोलले, ते सर्व जास्त पैसे देऊन कमी वेळा यायला तयार आहेत. आम्हाला हे विचारले असते, तर आम्ही आधीच सांगितले असते.

म्हणून माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत.

गळ टाकणाऱ्यांची संख्या प्रमाणपत्रावरून न ठरवता कठड्याच्या उपयोगी लांबीवरून ठरवावी आणि दर माणशी किमान सव्वा मीटर कठडा मिळावा. बोट वाहती ठेवायची असेल, तर दोन गट करून त्यांनी पाळीपाळीने गळ टाकावेत. नांगरावर असताना पिछाडीचे कोपरे दर तासाला बदलावेत, म्हणजे पहाटे सर्वांत आधी आलेल्याकडेच ते दिवसभर राहणार नाहीत. ही संख्या नोंदणीच्या वेळी लेखी कळवावी आणि ती ओलांडली गेल्यास पैसे परत मिळावेत.

दर आठ जणांमागे एक खलाशी असावा. मासे खोल सोडण्याचे साधन किमान दोन नग, दोऱ्याला बांधून तयार, कठड्यापाशी ठेवावे आणि ते वापरण्याची जबाबदारी एका ठरलेल्या खलाशाकडे असावी. ज्या खडकावर परत सोडावे लागणारे लहान मासेच सतत वर येत आहेत, तिथून तांडेलाने बोट हलवावी. आमिष लावून गळ टाकताना सर्कल हुक, म्हणजे टोक आत वळलेला गोलाकार गळ, वापरणे सर्वांना सक्तीचे करावे. तो बहुधा ओठाच्या कोपऱ्यात लागतो, पोटात खोल जात नाही, आणि मासा कमी इजेने सुटतो. यात आम्हालाही एक सवय सोडावी लागेल : हिसका बसताच दांडी जोराने वर ओढायची नाही, रीळ नुसते सावकाश फिरवत राहायचे. ते शिकायची आमची तयारी आहे.

धक्का सोडण्याआधी दहा मिनिटे तांडेलाने सर्वांशी बोलावे : आज शिसे कोणत्या वजनाचे, मासा लागल्यावर शेजाऱ्यांनी काय करायचे, लाइफ जॅकेट कुठे आहेत, कोणाला बोट लागली तर कुठे बसायचे. गळ कापण्याची पक्कड, पुरेसा बर्फ आणि तुटक्या दोऱ्यांसाठी झाकणाचा डबा, या तीन गोष्टी प्रत्येक फेरीआधी तपासून नोंदवाव्यात.

परवाना देणाऱ्या अधिकाऱ्यांना माझी एकच विनंती आहे. वाहतुकीसाठी कमाल प्रवासी आणि मासेमारीसाठी कमाल प्रवासी, अशा दोन वेगळ्या संख्या प्रमाणपत्रावर लिहाव्यात. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१२ मध्ये हौशी मासेमारीसाठी स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आहेत. त्यांच्या आधारे ही दुसरी संख्या कशी काढायची, याचे सूत्र आपण बोटमालक आणि गरवणारे यांना एकत्र बसवून ठरवू शकता. त्या बैठकीला मी माझ्या खर्चाने येईन.

येत्या अमावास्येचे उधाण ओसरल्यावर पुढच्या फेऱ्यांची नोंदणी सुरू होईल, असे आपण कळवले आहे. त्यापूर्वी या पत्राचे लेखी उत्तर मिळावे. तोपर्यंत मी नोंदणी करणार नाही. माझी मुलगी रोज संध्याकाळी गाठ बांधायचा सराव करते आहे आणि आता ती आवळण्याआधी ओली करायला विसरत नाही. उत्तर आले, की आम्हाला वाऱ्याकडच्या कठड्यावर दोन जागा हव्या आहेत, शेजारी-शेजारी.

आपली नम्र,
अकरा वर्षे आपल्या बोटींवर येणारी एक गरवणारी